माघारी चालेल असं घर

डॉक्टरांनी वर्षं सांगितली नाहीत. हिल्डाने विचारलीही नाहीत. तिने एवढंच विचारलं, "जिने चढता येतील का?"

"घर कितव्या मजल्यावर आहे?"

"घर बैठं आहे. भाड्याने दिलेल्या खोल्या दुसरीकडे, इमारतींत वर आहेत."

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद, हे सगळं त्यांनी नुकतंच सांगितलं होतं. बाईंनी त्यातलं काही विचारलं नव्हतं. "सांभाळून चढा," ते म्हणाले. "घाई करू नका."

हिल्डाला घाई होती.

ती त्रेसष्ट वर्षांची होती. वालीवला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं काढली, शेवटची चौदा पॅकिंगची सुपरवायझर म्हणून. लग्न केलं नाही. वसईच्या एका गावात, वाडीच्या कडेला, आईवडिलांच्या घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ नेल्सन राहत होते. नेल्सन चोपन्नचा. लहानपणी तापात त्याच्या डोक्याला काहीतरी झालं. त्याला वाचता येतं, घड्याळ कळतं, बसचे नंबर कळतात. केळीला पाणी सोडणं, घडाला टेकू देणं, फुलं खुडणं, दहा वेळा दाखवलेलं काम तो अकराव्या वेळी चोख करतो. फक्त समोरचा माणूस बोलेल ते त्याला खरं वाटतं. एकदा हिल्डाने त्याला भाडं आणायला पाठवलं होतं. भाडेकरूने मुलाला ताप असल्याचं सांगितलं. नेल्सन भाडं न घेता परत आला. वर खिशातले दोनशे रुपये देऊन आला.

"ताप खरा होता, बाय," तो म्हणाला होता.

हिल्डाला त्याच्यावर रागावता आलं नाही. ताप खरा होता, हे तिने फोन करून विचारून घेतलं होतं.

आता प्रश्न सरळ होता. तिच्या मागे नेल्सनचं जेवण, औषध, घराची डागडुजी दोन खोल्यांच्या भाड्यावर चालायला हवी होती. दुसरं काही नव्हतं. कारखान्याने पेन्शन म्हणून जे हातात ठेवलं त्यात महिन्याची मासळीही आली नसती. भाडं आजवर नियमित येत होतं. पण ते हिल्डा होती म्हणून येत होतं. गळती झाली की ती प्लंबर घेऊन जायची. टँकर चुकला की ती फोन करायची. तिच्या माघारी चालतील अशा त्या खोल्या होत्या का, हे तिने स्वतःला विचारलं. एक होती. एक नव्हती.

नव्हती ती बोळिंजची.

बोळिंजची खोली तिने आधी घेतली, २०१० साली. वडिलांच्या वाडीतली एक पट्टी रस्त्यालगत होती. ती विकली, त्या पैशांत ही खोली आली. बिल्डर त्यांच्याच पॅरिशचा, म्हणजे त्यांच्याच चर्चचा, सेबेस्टियन. चर्चचं कुंपण बांधायचं असो की शाळेचं छप्पर, त्याने कधी मजुरीवर नफा घेतला नव्हता. इमारत उभी राहिली तेव्हा एका रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तो फादरना घेऊन आला. जिन्याला झेंडूच्या माळा होत्या. फादरांनी मजल्यामजल्यावर पवित्र पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली. जमलेल्यांनी आमेन म्हटलं, केक कापला. मग चाव्या वाटल्या.

गावात नवं घर असो, दुकान असो, रिक्षा असो, आशीर्वाद झाल्याशिवाय कुणी वापरायला काढत नाही. आणि आशीर्वाद झाला की त्यापुढे कुणी काही विचारत नाही. हिल्डाने त्या दिवशी चावी घेतली, ओसी मागितली नाही. ओसी म्हणजे इमारत नकाशाप्रमाणे बांधली आहे, राहायला हरकत नाही, असा महापालिकेचा दाखला. तो असतो हे तिला ठाऊक होतं. पण फादर हातातलं पाणी शिंपडत असताना सेबेस्टियनला कागद मागायचा, हे तिच्याच्याने झालं नाही. तिच्याबरोबर चावी घेणाऱ्या गावच्या नऊ कुटुंबांच्यानेही झालं नाही.

मंजूर नकाशा चार मजल्यांचा होता. सेबेस्टियनने सहा बांधले होते.

तो फसवणारा माणूस नव्हता. दंड भरला की वरचे मजले पास होतात, असं तो कुणाकडून तरी ऐकून होता. दंड भरायच्या आधीच हृदयविकाराने गेला. दाखला आला नाही. हिल्डाची खोली दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे नकाशातल्या मजल्यावर, पण दाखला इमारतीला मिळतो, मजल्याला नाही. नळाची जोडणी आली नाही. सोसायटी झाली नाही. लिफ्टच्या खड्ड्यात लोकांनी जुन्या सायकली ठेवल्या. दर दोन दिवसांनी टँकर येऊ लागला, तो अजून येत होता. सेबेस्टियनच्या दफनाला ती नऊही कुटुंबं आली. हिल्डाही गेली. सगळ्यांबरोबर तिनेही मूठभर माती टाकली. त्या दिवशी तिथे कुणीही इमारतीचं नाव काढलं नाही.

दुसरी खोली तिने सात वर्षांनी घेतली, वसई पूर्वेला, वालीवच्या रस्त्यापासून दहा मिनिटांवर. त्यासाठी आठ महिने शोधलं. एकवीस इमारती पाहिल्या. पाण्याचं बघायला मे महिन्यात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. गळतीचं बघायला जुलैअखेर गेली आणि सगळ्यात वरच्या मजल्याचं छत पाहिलं. वॉचमनला विचारलं, गेल्या वर्षी किती जणांनी खोली सोडली आणि का. पिठाच्या गिरणीत विचारलं, या इमारतीची माणसं टिकतात का. सेक्रेटरीकडे तीन कागद मागितले: ओसी, जमीन सोसायटीच्या नावावर झाल्याचा कागद, आणि दुरुस्तीच्या निधीत किती शिल्लक आहे त्याचा. ज्या सेक्रेटरीने "मिळतील, मिळतील" म्हटलं, तिथून ती चहा न पिता उठली.

शेवटी घेतली ती इमारत दिसायला साधी. लिफ्ट नाही, रंग उडालेला. पण कारखान्याची पाळी सुटली की माणूस पायी घरी पोचेल अशी. एकतीस वर्षं तिने पॅकिंगच्या पोरींची गाऱ्हाणी ऐकली होती. भाडं परवडतं, रिक्षा परवडत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. थोडं कर्ज मुद्दाम बँकेचं काढलं. तिच्याकडे पैसे होते तरी काढलं. बँकेचा वकील कागद वाचतो, त्याचे पैसे आपण वेगळे देऊ त्यापेक्षा हे बरं, असा तिचा हिशेब.

भाडेकरू ठेवायची तिची पद्धत गावात चेष्टेचा विषय होती. माणूस काय खातो, कुठल्या देवाला जातो, हे ती विचारायची नाही. कामाला कुठे आहे आणि आधीची खोली का सोडली, हे विचारायची. मग आधीच्या मालकाला फोन. करार नोंदवलेला, पोलीस ठाण्यात माहिती दिलेली, ओळखीचा असला तरी. वर्षाचं भाडं ती अकरा महिन्यांचंच धरायची. एक महिना खोली रिकामी जाणारच, असं मानून चालायची. त्यातलं एक महिन्याचं भाडं बाजूला राहायचं, नळाला, वायरिंगला, रंगाला. भाडं बाजारापेक्षा पाचशेने कमी. "पाचशेसाठी चांगला माणूस घालवायचा आणि दोन महिने खोलीला कुलूप लावायचं?" ती म्हणायची. खोली सोडणाऱ्याला डिपॉझिट ती चावी घेताना हातोहात द्यायची. एका भाडेकरूने ते पैसे हातात घेऊन विचारलं होतं, "बाई, यात काही कापलं नाहीत?" तिने भिंतीकडे बघून म्हटलं होतं, "खिळे तुम्ही माझ्यापेक्षा सरळ मारलेत."

डायलिसिस सुरू होऊन महिना झाला तेव्हा वालीवच्या रस्त्यावरच्या त्या सोसायटीत एक खोली विकायला निघाली. तळमजल्यावर, हिल्डाच्या खोलीच्याच जिन्यात. सेक्रेटरीने फोन केला. किंमत एकोणीस लाख. "तुमच्यासाठी ईस्टरपर्यंत थांबवतो," तो म्हणाला. "पुढे माझ्या हातात नाही."

दोन्ही खोल्या एकाच जिन्यात. नेल्सनने एकदा बस पकडली की दोन्हींकडे जाऊन येईल. नळाचं पाणी, सोसायटी, सेक्रेटरी, सगळं जागच्या जागी. हिल्डाने खूप दिवसांनी पोटभर पेज खाल्ली. बोळिंजची विकायची, ही घ्यायची. ईस्टरला सात आठवडे होते.

बोळिंजच्या खोलीला गिऱ्हाईकही घरातच होतं. आत्माराम तिथे सहा वर्षं भाड्याने राहत होता. मूळचा जव्हारकडचा, सातिवलीला एका गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर. बायको घरी शिवणकाम करायची. एक मुलगी सातवीत. त्याने गावची जमीन भावाला देऊन पैसे घेतले होते, थोडे फंडातून काढणार होता. विकायचं आहे हे कळताच दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"अठरा देतो, बाई. बँकेत नाही जात. सगळे एकदम, चेकने. तुम्ही असल्यावर मला कागद बघायचे नाहीत."

हिल्डा फोन ठेवून पडवीत येऊन बसली. नेल्सन समोर फुलं खुडत होता. खुडलेली फुलं तो सारख्या लांबीच्या देठांनी टोपलीत मांडत होता.

संध्याकाळी क्लिफर्ड आला. तिच्या चुलतभावाचा मुलगा. खोल्यांची खरेदी-विक्री करून देतो. वर्षभर तोच म्हणत होता, आंटी, ती बोळिंजची काढून टाका.

"अठरा," तो म्हणाला. "ओसी नसलेल्या खोलीला. आंटी, ही देवाची कृपा आहे. मी उद्या टोकनची पावती करतो."

"त्याला माहीत नाही."

"सहा वर्षं टँकरचं पाणी भरतोय तो. माहीत नाही कसं?"

"टँकर माहीत आहे. का येतो ते माहीत नाही. त्याला वाटतं पाण्याची लाइन पडायला उशीर होतोय."

"मग तेच वाटू द्या. तो मागत नाही, तुम्ही कशाला देताय? कन्फेशनला जाऊन कुणी फ्लॅट विकत नाही."

"तू तुझं कमिशन सोडणार आहेस?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"मग मला कृपा शिकवू नको."

क्लिफर्ड हसला. मग त्याचं हसू गेलं. त्याने वाडीकडे, नेल्सनकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी माझ्या कमिशनचं बोलत नाही, आंटी. अंकलचं बोलतोय. तुम्ही त्या आत्मारामचा विचार करताय. उद्या नेल्सनअंकलचा विचार कोण करणार? मी?"

क्लिफर्डच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं, हाच त्रास होता. रात्री जेवताना तिने नेल्सनला भात जास्त वाढला. तो म्हणाला, "बाय, एवढा नको." तरी त्याने संपवला.

रविवारी ती बोळिंजला गेली. दोन मजले चढायला तिला पाव तास लागला. आत्मारामने दारात रांगोळी काढून घेतली होती. टीपॉयवर पेढ्यांचा बॉक्स, त्याच्याखाली चेक. मुलगी नवा फ्रॉक घालून खुर्चीच्या कडेला बसली होती. बायको शिवणयंत्राजवळ उभी राहिली.

हिल्डा पाणी प्यायली नाही. तिला मोजून प्यावं लागायचं, आणि ते सांगायचीही त्या वेळी इच्छा नव्हती.

"आत्माराम, चेक राहू दे," ती म्हणाली. "आधी मला प्रश्न विचारा."

"कसले प्रश्न, बाई?"

"घर घेणारा विचारतो ते. तुम्ही मला ओळखत नाही असं धरा. मी कुणीतरी परकी बाई. सुरुवात करा. पाण्याचं बिल कुणाच्या नावावर आहे?"

आत्माराम हसून बायकोकडे पाहू लागला. बायको हसली नाही. "विचारा ना," ती नवऱ्याला म्हणाली.

"पाण्याचं बिल," त्याने म्हटलं, "कुणाच्या नावावर आहे?"

"बिल नाही. महापालिकेची जोडणी नाही. मिळणारही नाही, दाखला होईपर्यंत. पुढचं विचारा. दाखला म्हणजे ओसी. आहे का विचारा."

"आहे का?"

"नाही."

हिल्डाच सांगत राहिली. चार मजल्यांचा नकाशा, सहा मजल्यांची इमारत. सोसायटी नाही, म्हणून जमीन अजून बिल्डरच्या वारसांच्या नावावर. बँक यावर कर्ज देत नाही. घर घेताना सेक्रेटरीकडे कुठले तीन कागद मागायचे, तेही तिने सांगितलं. "तुम्ही बँकेत गेला असतात तर हे मला सांगावं लागलं नसतं," ती म्हणाली. "बँकेत जात नाही म्हणालात, म्हणून आले."

आत्मारामने पेढ्यांचा बॉक्स चेकवरून उचलला आणि पुन्हा तसाच ठेवला. खालून टँकरच्या मोटरचा आवाज येत होता.

"मग आम्ही सहा वर्षं कुठल्या कागदावर राहतोय?" त्याच्या बायकोने विचारलं.

"माझ्या करारावर. तो बरोबर आहे. भाड्याने राहायला अडचण नाही. विकत घ्यायला आहे."

"आणि हे तुम्हाला आधी माहीत होतं."

"चौदा वर्षं."

"भाडं घेताना नाही सांगितलंत."

"नाही," हिल्डा म्हणाली.

आत्मारामने कपाळ चोळलं. तो मोठ्याने बोलला नाही. तसा तो कधीच बोलायचा नाही. "बाई, मी गोदामात सगळ्यांना सांगितलं," तो म्हणाला. "गावाला भावाला सांगितलं. पोरीने शाळेत सांगितलं. आता तुम्ही जा."

हिल्डा उठली. मुलीने दार उघडलं. जिना उतरताना पहिल्या मजल्यावर तिला बसावं लागलं. वरून कुणी आलं नाही.

ईस्टरच्या आधी सेक्रेटरीने दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा हिल्डाने सांगितलं, दुसऱ्या कुणाला द्या. तळमजल्याची खोली एका तरुण जोडप्याने घेतली. क्लिफर्ड महिनाभर तिच्या घरी आला नाही. चर्चच्या पायऱ्यांवर भेटला की हात वर करायचा, थांबायचा नाही.

आत्माराम आला तो एप्रिलच्या शेवटी, सकाळी. पडवीत उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"विरार पूर्वेला एक बघितलीय," तो म्हणाला. "तीन कागद मागितले. ओसी दिली. बाकीचे दोन देतो म्हणतात. काय करू?"

"देतो म्हणतात की दिले?"

"देतो म्हणतात."

"मग दुसरी बघा."

तो दुसरी बघून आला. मग तिसरी. तिसरीत तिन्ही कागद मिळाले आणि बँकेने कर्ज मंजूर केलं. जूनमध्ये त्याने बोळिंजची खोली सोडली. चावी द्यायला बायको आली. हिल्डाने डिपॉझिटचा चेक तयार ठेवला होता. बायकोने तो पर्समध्ये घातला आणि म्हणाली, "तुमच्यावरचा राग गेला नाही, बाई. पण घर चांगलं आहे. नळाला पाणी आहे." हिल्डाने मान हलवली.

रिकाम्या खोलीला गिऱ्हाईक शेजारचं मिळालं. फ्लॉईड, हिल्डाच्याच गावचा, नऊ कुटुंबांपैकी एक. त्याच्या मुलाचं लग्न ठरत होतं. भिंत फोडून दोन खोल्या एक करायच्या होत्या. त्याला इमारतीची सगळी कर्मकथा पाठ होती. "बारा," तो म्हणाला. "हिल्डा, याच्यापेक्षा जास्त मी दिले तर माझी बायको मला लिफ्टच्या खड्ड्यात टाकेल."

हिल्डाने बारा घेतले. अठराच्या जागी बारा. बारा लाखांत कागद असलेली खोली वसईत येत नव्हती. ती तीन दिवस विचार करत राहिली आणि चौथ्या दिवशी नेल्सनला घेऊन पोस्टात गेली. दोघांच्या नावाने मासिक योजनेत पैसे ठेवले. खिडकीतल्या बाईने महिन्याचं व्याज किती येईल ते सांगितलं, तेव्हा हिल्डाने पुन्हा विचारलं. बोळिंजच्या भाड्यातून टँकर, दुरुस्ती आणि रिकामे महिने वजा केले तर उरायचं त्याहून ते थोडं जास्तच होतं. एवढी वर्षं तिने हा हिशेब कधी मांडून पाहिला नव्हता. खोलीचा भाव वर्षावर्षाने वाढतो आणि पोस्टातले पैसे तेवढेच राहतात, हेही तिला कळत होतं. दहा वर्षांनी ते नेल्सनला कमी पडतील. दहा वर्षांनी नेल्सन चौसष्टचा असेल.

मग तिने मृत्युपत्र केलं. वालीवच्या खोलीला सोसायटीत नॉमिनी म्हणून नेल्सनचं नाव लावलेलं होतंच, पण नुसतं नाव लावून मालकी येत नाही, हे वकिलाने सांगितलं. व्यवस्था बघायला तिने चुलतबहीण पॉलिनचं नाव घातलं. पॉलिनचं घर वाडीपलीकडे. नेल्सन दुपारी जेवायला तिच्याकडे जाणार होता.

"जेवणाचे पैसे मी घेणार नाही," पॉलिन म्हणाली. "भाऊ आहे तो माझा."

"घ्यायचे. पहिल्या तारखेला."

"हिल्डा, लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणोत. पैसे घेतले नाहीस तर पाच वर्षांनी तुझ्या सुना म्हणतील, नेल्सनच्या तोंडावर."

पॉलिनने डोळे पुसले. मग चुलीवरचं कालवण हलवत म्हणाली, "मासळी महाग झालीय, आधीच सांगते."

"म्हणूनच तर," हिल्डा म्हणाली.

राहिला नेल्सन. जुलैपासून हिल्डा त्याला दर महिन्याला वालीवच्या खोलीवर घेऊन गेली. ती बोलायची, तो बघायचा. ऑगस्टपासून तो बोलायचा, ती बघायची. दारात उभं राहून आधी विचारायचं, येऊ का. नळ बघायचा. विजेचं बिल भरलंय का बघायचं. घरात किती माणसं आहेत ते बघायचं, आणि त्यांची नावं करारात आहेत का. काही बिघडलं असेल तर त्याच दिवशी प्लंबरला फोन. तो घरी येऊन हे सगळं पाठ म्हणायचा, रोझरी म्हणावी तसं, एकाच सुरात. पाठ त्याला पहिल्यापासून येत होतं. कुणी काही गोड बोललं, रडलं, आजारपण सांगितलं तर तो काय करेल, हे पाठांतरातून कळण्यासारखं नव्हतं. सप्टेंबरात भाडेकरू बाईने त्याला गुलाबजाम दिले तेव्हा तो विजेच्या बिलाचं विचारायला विसरला. हिल्डाने आठवण करून दिली नाही. खाली उतरल्यावर त्याचं त्यालाच आठवलं आणि तो परत वर गेला.

नोव्हेंबरात हिल्डाला जिने चढवेनात. त्या महिन्याचा फेरा मंगळवारी आला, तिच्या डायलिसिसच्या दिवशी. नेल्सन सकाळी एकटा बसने गेला. जाताना त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. हिल्डाने ते काढ म्हटलं नाही.

ती दहा वाजता खाटेवर पडली. नर्सने सुई लावली, मशीन सुरू झालं. नेल्सन साडेअकराला दवाखान्यात पोचायचा होता. साडेअकरा झाले. बारा झाले. हिल्डाने नर्सकडून मोबाइल घेतला, भाडेकरूचा नंबर काढला आणि लावला नाही. एक वाजता तो आला. चप्पल बाहेर काढून आत आला, स्टूल ओढून बसला.

"नळ ठीक आहे," तो म्हणाला. "बिल भरलंय. तिथे एक नवा माणूस आहे."

"कोण?"

"भाडेकरूचा भाऊ. कामाला आलाय. आठ दिवस झाले."

"त्याचं नाव करारात नाही."

"नाही. मी म्हटलं, आधार कार्डाची झेरॉक्स द्या. करारात नाव घालायचं, पोलिसांत द्यायचं. ते म्हणाले, आपलाच माणूस आहे, अंकल, कशाला? मग म्हणाले, झेरॉक्सचं दुकान लांब आहे. मग ती बाई रडायला लागली."

"मग?"

"मी दारात बसलो."

"किती वेळ?"

"माहीत नाही. बसची एक गाडी गेली, दुसरी गेली. रडणं थांबल्यावर त्यांनी मला चहा दिला. मी प्यायलो. मग त्यांनी झेरॉक्स आणून दिली." त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "भाऊ खरा आहे, बाय. चांगला आहे. त्याला इथे कुणी ओळखत नाही. मी त्याला मिस्साची वेळ सांगितली, पण तो आपला नाही."

हिल्डाने मोकळा हात पुढे केला. कागद उलगडला. नाव वाचलं, गाव वाचलं, नंबर वाचला. नर्स मशीनजवळ येऊन आकडे बघून गेली, अजून चाळीस मिनिटं म्हणाली. हिल्डाने कागद पुन्हा एकदा वाचला. मग घड्या होत्या तशाच घातल्या आणि नेल्सनच्या हातात दिला.

"फाइल कुठल्या कपाटात आहे?" तिने विचारलं.

"लाकडी. वरचा कप्पा."

"किल्ली?"

"तुझ्याकडे."

तिने उशाखालच्या पिशवीकडे मान केली. "घे," ती म्हणाली. "आजपासून तुझ्याकडे."

नेल्सनने पिशवीत हात घालून किल्ली काढली, कागदाच्या घडीत ठेवली, आणि दोन्ही शर्टाच्या खिशात घालून वरून हात ठेवून बसला.